बारीक जॉईंटसाठी करवत घेताय? आधी हे वाचा

ड्रॉवरचे डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारख्या पसरट जिभा एकमेकांत अडकवलेला जॉईंट), चौरंगाच्या पायाचा टेनन (खाचेत बसणारी लाकडाची जीभ), देवघराची चौकट असलं काम असेल तर फळ्या कापायची मोठी करवत बाजूलाच ठेवा. तिला इंचाला सात-आठ दात, पातं लवलवतं, रेघेवर काय ती थांबत नाही, मग फट राहिली की फेविकॉलमध्ये भुसा कालवून भरायचा, चालतंय सगळीकडं, पण पॉलिश मारलं की ती फट आणखीनच उठून दिसते.

जॉईंटला पाठीची करवत घ्या, म्हणजे वरच्या कडेला पितळेची नाहीतर लोखंडाची पट्टी बसवलेली. पट्टीमुळं पातळ पातं पण वाकत नाही. मात्र पट्टी आडवी येते, तिच्या खाली जेवढं पातं तेवढंच खोल कापता येतं, ते आधी मोजून घ्या. डव्हटेलला ८ ते १० इंच लांब आणि इंचाला १५ च्या आसपास दात, टेननला १२ ते १४ इंच आणि १० ते १४ दात. जितके बारीक तितकं भारी असं नाही हां, खोल कापात बारीक दातांत भुसा अडकतो नि करवत नुसती घासत बसते.

आता खरा मुद्दा, जो गिऱ्हाईक क्वचितच विचारतं: दात घासलेत कसे? डव्हटेल आणि टेननचे गाल (जिभेच्या सपाट बाजू) कापायचे असतात लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, तिथं पटाशीच्या टोकासारखे सरळ घासलेले दात लागतात, त्याला रिप म्हणतात. टेननचा खांदा (जीभ जिथून सुरू होते ती कड) रेषांना आडवा कापायचा, त्याला तिरपे घासलेले क्रॉसकट दात. बजेट एकाच करवतीचं असेल तर आम्ही रिपच देतो, कारण दात बारीक असले की ती आडवं पण बऱ्यापैकी कापते, क्रॉसकट मात्र उभ्या कापाला फार रडवते.

डोझुकी म्हणजे जपानी पाठीची करवत, ती ओढताना कापते म्हणून पातं अगदी पातळ चालतं, काप सुंदर येतो. पण गाठीवर जोर केला की दात तुटतो, नवशिक्यानं जपूनच.

घरी नेली की टाकाऊ तुकड्यावर चार-पाच काप घेऊन बघा. सगळे एकाच बाजूला पळत असतील तर त्या बाजूचे दात जास्त फाकलेत, घेऊन या, दगडावर हलकंसं घासून देतो. रेघ पेन्सिलीनं नको, चाकूनं मारा, करवत रेघेच्या टाकाऊ बाजूला धरा, तर्जनी पात्याच्या दिशेनं सरळ, मूठ आवळायची नाही आणि सुरुवातीला वरून जोर तर अजिबात नको. जड चालली तर पात्याला मेणबत्ती घासा. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात घामट हात पात्याला लागला की गंज धरलाच समजा, काम झालं की पुसून मशीनचं तेल लावून ठेवायचं.

सागात सिलिका असते, धार लवकर मरते, ती करवतीची चूक नव्हे. धार आमच्याकडं लावून मिळेल. फक्त दातांची टोकं निळी-काळी असतील तर आणू नका, ती कडक केलेली असतात, कानस वरून नुसती घसरते. आणि गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत दुकान अर्धा वेळच असतंय, अर्जंट काम संक्रांतीच्या आधी आणून टाका.