लिनक्स अपडेटनंतर वाय-फाय बंद पडल्यास काय करावे
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

जळगाव, भुसावळ आणि यावल-रावेर भागातील ज्या ग्राहकांनी आमच्याकडून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट बसवून घेतले आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. अपडेट करून संगणक पुन्हा सुरू केल्यावर वाय-फायची यादीच दिसेनाशी झाली, तर वाय-फाय कार्ड जळाले असे समजून नवे विकत घेऊ नये, आणि संगणक फॉरमॅट तर मुळीच करून घेऊ नये. मोबाइलवर तेच वाय-फाय चालते का आणि लॅपटॉपवरील विमानाचे चिन्ह असलेले बटण चुकून दाबले गेले आहे का, एवढे आधी पाहावे.

यात काही सापडले नाही, तर कारण बहुधा कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलल्याचे असते. इंटेलच्या कार्डांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्राम, कर्नेलसोबतच येतात, त्यामुळे ती सहसा त्रास देत नाहीत. परंतु ब्रॉडकॉमची अनेक कार्डे आणि रिअलटेकचे काही यूएसबी डोंगल (यूएसबीत लावायची छोटी वाय-फाय यंत्रे) यांचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो व प्रत्येक नव्या कर्नेलसाठी तो पुन्हा तयार व्हावा लागतो. हे काम डीकेएमएस ही व्यवस्था आपोआप करते. मात्र त्या कर्नेलच्या हेडर फायली (ड्रायव्हर तयार करताना लागणाऱ्या) नसतील, किंवा अपडेट चालू असतानाच वीज गेली असेल (आपल्याकडे उन्हाळ्यात यात नवल ते काय), तर ते अर्धवट राहते.

अशा वेळी जुना कर्नेल सहसा डिस्कवरच असतो. संगणक सुरू होताना शिफ्ट, नव्या यंत्रांवर एस्केप, दाबल्यास ग्रबची, म्हणजे कोणता कर्नेल सुरू करायचा हे विचारणाऱ्या प्रोग्रामची, यादी येते. तिच्यातील ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीच्या क्रमांकाचा कर्नेल निवडावा. वाय-फाय परत आले, तर कार्ड शाबूत आहे हे सिद्ध झाले आणि त्या दिवसाची कामेही अडत नाहीत.

कायमच्या दुरुस्तीसाठी नव्या कर्नेलवर परत येऊन मोबाइल यूएसबी केबलने जोडावा, त्यातील यूएसबी टेदरिंग चालू करावे, म्हणजे संगणकाला इंटरनेट मिळते. मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून ड्रायव्हर पुन्हा बसवावा.

सिक्युअर बूट (फक्त मान्य डिजिटल सही असलेले प्रोग्रामच सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या संगणकावर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा येतो. आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक व्हायरस समजून तो घाईने बंद करतात. तसे करू नये. तो पडदा सुमारे १० सेकंदच थांबतो. तेवढ्यात कोणतीही कळ दाबून ‘एनरोल मोक’ (सहीची किल्ली नोंदवणे) निवडावे आणि तोच पासवर्ड द्यावा, अन्यथा मान्य सही नसलेला ड्रायव्हर कर्नेल स्वीकारतच नाही.

अपडेट शक्यतो दिवसाचा व्यवहार आटोपल्यावर, लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असताना आणि टाइमशिफ्ट या प्रोग्राममध्ये स्नॅपशॉट (बिघाड झाल्यास आधीची स्थिती परत आणणारी प्रत) घेऊनच करावे. तरीही अडचण सुटली नाही, तर लॅपटॉप दुकानात आणताना चार्जर आणि डोंगल सोबत आणावे, कारण डोंगलवाचून ड्रायव्हर तपासता येत नाही.