कोडी अडकला? आधी लाईट तपासा

रास्पबेरी पाय (हाताच्या पंजाएवढा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसता 'पाय') घेऊन त्यावर लिब्रइलेक, म्हणजे फक्त कोडी चालवण्यासाठीची प्रणाली, टाकून टीव्हीला जोडलं की कोडी हा सिनेमे-गाणी लावायचा प्रोग्रॅम सहसा मुकाट्याने चालतो. अडकायला लागला की बरेच जण थेट पायमधलं मेमरी कार्ड पुसून सगळं नव्याने टाकायला बसतात. जळगाव-धुळे-नंदुरबारकडे तरी हा उपाय अगदी शेवटी ठेवावा. इथली बरीचशी दुखणी लाईट आणि उन्हाळा या दोघांची असतात, आणि त्या दोघांची नोंद पाय स्वतःच ठेवतो.

लिब्रइलेकच्या सेटिंगमध्ये एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पायला आज्ञा द्यायची सोय) सुरू करा, तिथे ठेवलेल्या पासवर्डने लॅपटॉपवरून 'रूट' (root) म्हणून आत शिरा आणि 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' (vcgencmd get_throttled) ही आज्ञा द्या. उत्तर '०एक्स०' (0x0) आलं तर वीज आणि तापमान दोन्ही ठीक. '०एक्स५०००५' असं काही आलं तर अंक फोडून वाचायचे. शेवटचा अंक आत्ताची स्थिती सांगतो, उजवीकडून पाचवा अंक पाय सुरू झाल्यापासून काय काय घडून गेलं ते. त्यात १ म्हणजे व्होल्टेज कमी, २ म्हणजे वेगाला मर्यादा, ४ म्हणजे वेग उतरवलेला, ८ म्हणजे तापमानाची सौम्य मर्यादा. ५ म्हणजे १ अधिक ४: व्होल्टेज पडलं म्हणून प्रोसेसर मंदावला. १ नसताना २, ४ किंवा ८ दिसले, तर संशय उष्णतेवर घ्या. '०एक्स५००००' आलं तर आत्ता सगळं बरं आहे, पण मघाशी बिघडलं होतं. सिनेमा अडकल्यावर पाय बंद-चालू न करता लगेच ही आज्ञा द्यायची ती एवढ्यासाठी. बंद केला की नोंद पुसली जाते.

व्होल्टेज पडतं बहुधा केबलमध्ये. पायच्या चौथ्या मॉडेलला, म्हणजे पाय ४ ला, ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लागतो आणि ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय तक्रार करतो. म्हणजे हातात जेमतेम अर्धा व्होल्ट. स्वस्त केबलमधली २८ गेजची बारीक तार मीटरला सुमारे ०.२१ ओहम अडथळा करते, जाऊन-येऊन ०.४२. त्यातून १.२ अँपिअर गेले की अर्धा व्होल्ट वाटेतच संपला. म्हणून केबल आखूड आणि जाड घ्या, शक्यतो अ‍ॅडॅप्टरलाच कायमची जोडलेली. मोबाईलच्या चार्जरवरचे ६५ वॅट बघून भुलू नका. ते वॅट वरच्या व्होल्टेजचे किंवा त्या कंपनीच्याच फोनसाठीचे असतात. बारीक अक्षरांत ५ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचा.

हार्ड डिस्क थेट पायला लावली असेल तर हिशेब आणखी बिघडतो. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात, आणि लहान डिस्क फिरायला लागताना एकटीच १ अँपिअरच्या आसपास मागू शकते. डिस्क टकटक आवाज करून मधेच गायब होत असेल तर ती स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेल्या यूएसबी हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर) टाका.

आता ऊन. पाय ४ चा प्रोसेसर ८० अंशांना वेग कमी करायला लागतो, ८५ ला आणखी. चिप खोलीपेक्षा किती अंश वर राहणार हे काम आणि डबी यांवर ठरतं. समजा बंद प्लास्टिकच्या डबीत ती ४० अंश वर राहते. थंडीत २० अंशांच्या खोलीत ती ६० वर असते, कुणाला काही कळतही नाही. तोच पाय मे महिन्यात भुसावळला ४५ अंशांत ८५ वर पोचतो. पत्र्याच्या खोलीत आणि धाब्याच्या घरात एकच पाय वेगळा वागतो तो यामुळे. हीटसिंक (चिपवर चिकटवायचा, उष्णता पसरवणारा धातूचा तुकडा) आणि छोटा पंखा हा ४० चा आकडा कमी करतात. खोलीपेक्षा थंड मात्र काहीच होत नाही. शोकेसच्या बंद कप्प्यात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर पाय ठेवायची हौस सोडा. कूलरच्या झोतातही नको, ओलावा आणि पाण्यातले क्षार जोडण्यांवर बसतात. धातूची डबी चांगली, फक्त तिने वायफाय मंदावलं तर लॅनची वायर ओढा.

लाईट जाऊन आल्यावरच्या तक्रारी वेगळ्या. पाय राउटरच्या आधी उठतो आणि नेटवर्कवरचे सिनेमे 'सापडत नाहीत' म्हणतो. लिब्रइलेकच्या नेटवर्क सेटिंगमध्ये कोडीआधी नेटवर्कची वाट पाहायचा पर्याय आहे; तो चालू करून सेकंद वाढवा. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर सेलवर चालणारं घड्याळ नाही, त्यामुळे इंटरनेट येईपर्यंत तारीख चुकीची राहते आणि सुरक्षित जोडणी मागणारे अ‍ॅडऑन (कोडीत वरून घातलेले छोटे प्रोग्रॅम) हटून बसतात. टीव्ही बंद असताना पाय उठला तर टीव्ही लावल्यावर पडदा काळाच राहू शकतो. टीव्ही चालू असताना 'गेटईडीआयडी क्रिएट' (getedid create) ही आज्ञा एकदा देऊन पाय रीस्टार्ट केला की टीव्हीची माहिती पायकडे साठवली जाते.

सगळ्यात वाईट म्हणजे कोडी कार्डावर लिहीत असतानाच लाईट जाणं. मग लायब्ररी, म्हणजे कोडीतली सिनेमांची यादी, रिकामी दिसते किंवा कोडी पहिल्या दिवसासारखा भाषा विचारायला लागतो. पाय आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, आणि लिब्रइलेकच्या सिस्टीम सेटिंगमधून बॅकअप घेऊन ती फाईल लॅपटॉपवर उतरवा. त्याच कार्डावर ठेवलेला बॅकअप कार्डाबरोबरच जातो.

लाईट आणि ऊन दोन्ही निर्दोष ठरले तरच व्हिडिओ फाईलकडे वळा. चालू सिनेमात कीबोर्डवरचं 'ओ' दाबा. डीकोडर (व्हिडिओ उलगडणारा भाग) पुढे 'एचडब्ल्यू' (HW) असेल तर हार्डवेअर काम करतंय, 'एसडब्ल्यू' (SW) असेल तर सगळा भार प्रोसेसरवर आहे. पाय ३ वर एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत, एच.२६४ ही तिच्या आधीची) फाईल अडकते ती याच कारणाने. पाय ४ एचईव्हीसी आणि एच.२६४ दोन्ही हार्डवेअरवर उलगडतो, पण १० बिटांची एच.२६४ फाईल नाही. पाय ५ ने एच.२६४ चं हार्डवेअर काढूनच टाकलंय, त्यामुळे तिथे 'एसडब्ल्यू' दिसलं तरी घाबरायचं कारण नाही. १०८० पीचा सिनेमा तो प्रोसेसरच्या जोरावर ओढतो.