कापूस पीक-प्रतिमानाचे अंशशोधन

कापूस पीक-प्रतिमानाचे अंशशोधन : कापसाची वाढ व उत्पादन दिवसागणिक मोजून काढणाऱ्या संगणकीय प्रतिमानातील वाणाचे आणि जमिनीचे गुणांक शेतातील प्रत्यक्ष नोंदींशी जुळवून ठरविण्याची पद्धती. कृषी विद्यापीठांच्या बोलीत या प्रतिमानाला सर्रास ‘क्रॉप मॉडेल’ म्हणतात. रोजचे कमाल व किमान तापमान, पाऊस, सौर प्रारण, पेरणीची तारीख, झाडांची संख्या, खत आणि पाणी ही माहिती दिली की प्रतिमान पाने, पाती (फुलाआधीच्या कळ्या), फुले, बोंडे आणि सरकीसह कापूस यांचे आकडे देते. गुणांक बाहेरून द्यावे लागतात आणि ते वाणागणिक बदलतात.

अंशशोधन ही संज्ञा मूळची मापन-उपकरणांची. तापमापीवर अंश आखताना बर्फाचा वितळणबिंदू आणि पाण्याचा उत्कलनबिंदू हाताशी असतात. पिकाच्या बाबतीत असा निर्विवाद बिंदू मिळत नाही, कारण ज्या मोजणीशी जुळवायचे ती मोजणीही चार-सहा झाडांच्या नमुन्यावर उभी असते. म्हणून काही अभ्यासक ‘गुणांक-अनुमान’ हा शब्द पसंत करतात. तो अधिक नेमका असला, तरी अंशशोधन हाच शब्द रूढ झाला आहे.

प्रतिमानांची परंपरा

पहिले कापूस-प्रतिमान कोणते, याविषयी एकवाक्यता नाही. अमेरिकेत 1970 नंतरच्या दोन-तीन वर्षांत दोन प्रयत्न जवळपास एकाच वेळी पुढे आले. एक डब्ल्यू. जी. डंकन यांचे सिमकॉट. दुसरे अ‍ॅरिझोनातील एच. एन. स्टेपलटन व सहकाऱ्यांचे, 1973 मध्ये प्रसिद्ध झालेले. डी. एन. बेकर यांचा हात दोन्ही धाग्यांत दिसतो, त्यामुळे वंशावळ लावणे आणखी अवघड होते. सिमकॉटची दुसरी आवृत्ती 1975 च्या सुमारास आली आणि तिच्यातूनच बेकर, लँबर्ट व मॅकिनियन यांचे गॉसिम (1983) घडले. हा धागा लक्षात घेता सिमकॉटला मूळ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. गॉसिममध्ये मुळांचा व जमिनीचा भाग ऱ्हायझॉस नावाच्या स्वतंत्र उपप्रतिमानाने सांभाळला. 1986 च्या सुमारास त्याला कॉमॅक्स ही तज्ज्ञप्रणाली जोडली गेली आणि खत-पाण्याचा सल्ला थेट शेतकऱ्याच्या संगणकावर देण्याचा प्रयोग झाला.

ऑस्ट्रेलियात नॅराब्रायच्या संशोधन केंद्रात ए. बी. हर्न यांनी सिराटॅक या कीडव्यवस्थापन प्रणालीसाठी रचलेल्या फळधारणेच्या गणितातून ओझकॉट (1994) उभे केले. ते पुढे अ‍ॅपसिम या शेती-प्रतिमानांच्या संचात गेले. इस्रायलचे मरानी यांनी गॉसिमच्या पायावर ओलिताखालील कोरड्या प्रदेशांसाठी कॉटन-टू-के तयार केले. डीएसएसएटी या अनेक पिकांच्या प्रतिमानांच्या संचातील क्रॉपग्रो-कॉटन मात्र शेंगवर्गीय पिकांच्या साच्यातून आले आहे. त्यात बोंड म्हणजे शेंग आणि सरकी म्हणजे दाणा. ही कुळकथा अंशशोधन करणाऱ्याने ध्यानात ठेवावी, कारण ‘शेंगेतील दाण्याचे प्रमाण’ हा गुणांक कापसात काय मोजतो, याचा उलगडा तिच्यातूनच होतो. भारतात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत पी. के. अग्रवाल व सहकाऱ्यांनी इन्फोक्रॉप (2006) रचले. किडींमुळे होणारे नुकसान मोजण्याची सोय त्यात आरंभापासून आहे. त्याच्या कापूस-विभागावर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी काम केले.

गळीचा वाद

कापूस अमर्याद वाढीचे झाड आहे. मुख्य खोडावर साधारण तीन दिवसांनी नवे पेर, फळफांदीवर साधारण सहा दिवसांनी नवे पाते, अशी त्याची चाल. परंतु लागलेल्या पात्यांपैकी मोठा भाग गळतो. उत्पादनाचा आकडा शेवटी किती पाती लागली यापेक्षा किती टिकली यावर ठरतो. म्हणून गळीचे गणित हा प्रतिमानाचा गाभा मानला जातो.

गळ का होते याची दोन स्पष्टीकरणे दीर्घकाळ शेजारी नांदली. टी. जी. मेसन यांनी 1922 मध्ये सी आयलंड कापसावरील कामातून पोषणाचा सिद्धांत मांडला: वाढत्या बोंडांची मागणी पानांच्या पुरवठ्याबाहेर गेली की झाड लहान फळे सोडते. दुसरा पक्ष संप्रेरकांकडे, विशेषतः एथिलीन व अ‍ॅब्सिसिक आम्ल यांच्याकडे बोट दाखवतो. आज दोन्ही एकाच साखळीच्या कड्या मानण्याकडे कल आहे. कर्बोदकांची टंचाई हे कारण आणि संप्रेरके हे त्याचे वाहक. प्रतिमानकारांनी मात्र पहिलाच पक्ष घेतला. गॉसिममध्ये रोजच्या पुरवठा-मागणीच्या गुणोत्तरावर गळ ठरते, ओझकॉटमध्ये झाडाच्या ‘वहनक्षमते’वर, म्हणजे ते किती फळे पोसू शकते यावर. ही निवड व्यवहाराच्या दृष्टीने योग्यच होती, कारण कर्ब मोजता येतो. संप्रेरकांचे रोजचे मान शेतात कोण घेणार?

या निवडीचा परिणाम अंशशोधनावर होतो तो असा. पानांची प्रकाशसंश्लेषणाची कमाल गती वाढवली, की पुरवठा वाढतो, गळ कमी होते आणि उत्पादन चढते. प्रतिमान कमी उत्पादन दाखवत असेल तर हा एक गुणांक फिरवून आकडा हवा तिथे आणता येतो. शेतातले खरे कारण मात्र उष्णता, ढगाळ हवा, साचलेले पाणी किंवा अळी यांपैकी काहीही असू शकते. मिसिसिपीत के. राजा रेड्डी व सहकाऱ्यांनी सूर्यप्रकाशातील बंद कक्षांत घेतलेल्या प्रयोगांत दिवसा 40 आणि रात्री 32 अंश सेल्सिअस तापमानाला झाडांनी पाती टिकवली नाहीत. अशा परिस्थितीतील गळ प्रकाशसंश्लेषणाच्या खात्यावर टाकली, तर गुणांक त्या हंगामापुरता बरोबर दिसतो आणि पुढच्या हंगामात फसतो.

अंशशोधनाचा क्रम

जाणकारांची पसंती टप्प्याटप्प्याने जाण्याला आहे. आधी उगवण, पहिले पाते, पहिले फूल आणि पहिले फुटलेले बोंड यांचे दिवस जुळवायचे. मग पर्णक्षेत्र व शुष्क पदार्थ. त्यानंतर बोंडांची संख्या व वजन. उत्पादन सर्वांत शेवटी. फुलाची तारीख चुकली तर त्यापुढचे प्रत्येक अवयव चुकीच्या हवामानात वाढतात आणि ती चूक नंतर कोणत्याही गुणांकाने खरी भरून निघत नाही. केवळ अंतिम उत्पादन जुळवून दिलेले अंशशोधन ग्राह्य मानू नये, इतपत ठाम भूमिका येथे घेणे आवश्यक आहे.

नोंदींसाठी झाडावर तारखेच्या चिठ्ठ्या बांधणे हा जुना आणि अजूनही सर्वांत विश्वासू मार्ग. अमेरिकन कापसाचे फूल उमलल्या दिवशी फिकट असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडते, त्यामुळे ताजे फूल ओळखण्यात घोळ होत नाही. वरच्या ताज्या फुलापासून शेंड्यापर्यंतची पेरे मोजली की वाढ कुठवर आली हे कळते. ही संख्या पाचवर आली की फळधारणेचा उपयुक्त काळ संपत आल्याचे मानतात.

तळ-तापमान

विकासाचा वेग अंश-दिवसांत मोजतात: दिवसाच्या सरासरी तापमानातून तळ-तापमान वजा करून येणारी बेरीज. हा तळ किती धरावा यावर मतभेद आहेत. ऑस्ट्रेलियात दीर्घकाळ 12 अंश सेल्सिअस वापरले गेले. अमेरिकेत 60 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 15.5. अलीकडे ऑस्ट्रेलियातही 12 हून जास्त तळ आणि 32 अंशांची कमाल मर्यादा घेणारे सूत्र पुढे आले आहे. फरक किरकोळ वाटतो, पण विदर्भासारख्या ठिकाणी, जिथे एकाच पिकाची बोंडे ऑक्टोबरपासून थंडीपर्यंत फुटत राहतात, तो किरकोळ राहत नाही.

समजा, ऑक्टोबरमध्ये दिवसाची सरासरी 27 अंश आहे आणि फुलापासून बोंड फुटायला 50 दिवस लागले. 12 चा तळ धरल्यास गरज 750 अंश-दिवस येते, 15.5 चा धरल्यास 575. त्या हंगामापुरती दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळतात. आता डिसेंबरच्या 20 अंश सरासरीला हेच आकडे लावले, तर पहिल्या तळाने सुमारे 94 दिवस आणि दुसऱ्याने सुमारे 128 दिवस निघतात. चौतीस दिवसांचा हा फरक एका पेरणीच्या नोंदीतून कधीच उघड होत नाही. म्हणून निदान दोन-तीन पेरणी-तारखा नसतील तर तळ-तापमान स्वतः बदलू नये; प्रतिमानकारांनी दिलेला ठेवावा.

जमीन

कोरडवाहू काळ्या जमिनीत अंशशोधनाचा अर्धा भार मातीवर असतो. पीक ओढू शकेल अशा पाण्याची खालची मर्यादा प्रयोगशाळेतील दाब-पट्टिकेवरून (ओल्या मातीतून दाबाने पाणी काढणारे उपकरण) काढण्याचा प्रघात आहे. परंतु रॅटलिफ, रिची व कॅसल यांनी 1983 मध्ये दाखवले, की शेतात पिकानेच ओढून दाखवलेली मर्यादा प्रयोगशाळेच्या आकड्यापासून लक्षणीय वेगळी असू शकते. भारी जमिनीत थोडासा फरकही संपूर्ण मातीच्या खोलीवर काही सेंटिमीटर पाण्याइतका होतो. शिवाय पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून थेट खाली जाते, तर प्रतिमानातील पाणी थराथराने वरून भरत उतरते. या त्रुटी वाणाच्या गुणांकांत मुरू द्यायच्या नसतील, तर मातीचे गुणांक आधी, ओलाव्याच्या प्रत्यक्ष नोंदींवरून ठरवावे लागतात.

स्वयंचलित पद्धती आणि कसोट्या

डीएसएसएटी संचात ग्लू नावाची पद्धत आहे. बेव्हन व बिनली यांनी 1992 मध्ये जलविज्ञानासाठी मांडलेल्या कल्पनेवर ती आधारलेली असून गुणांकांचे हजारो संच यादृच्छिकपणे चालवून प्रत्येकाला जुळणीनुसार वजन देते. वेळ वाचतो हे खरे. पण अनेक वेगवेगळे संच सारखेच चांगले उत्तर देतात, ही बेव्हन यांनीच अधोरेखित केलेली समफलतेची अडचण तिने मिटत नाही, फक्त दिसू लागते. गव्हाच्या फुलोऱ्यावर वॉलाक व सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत तर एकाच रचनेचे प्रतिमान व एकच माहिती हाती असलेल्या गटांनीही वेगवेगळे निकाल दिले. कापसात गुणांक अधिक आणि मोजण्या कमी असल्याने हा धोका कमी मानण्याचे कारण नाही.

जुळणी तपासण्यासाठी आरएमएसई या नावाने रूढ असलेली वर्गमध्यमूळ त्रुटी आणि विलमॉट यांचा निर्देशांक (अंदाज व नोंदी किती जुळतात याचे मान) वापरतात. सरासरीच्या 10 टक्क्यांआत त्रुटी उत्तम, 20 पर्यंत चांगली, 30 पर्यंत बरी, अशी वर्गवारी प्रचलित आहे. ती अंशशोधनात न वापरलेल्या हंगामावर लावली तरच अर्थपूर्ण ठरते.

भारतीय परिस्थिती

अमेरिका-ऑस्ट्रेलियातील प्रतिमाने सरळ वाणांच्या दाट पेरणीवर घडली. हेक्टरी लाखाच्या आसपास झाडे तिथे सामान्य. महाराष्ट्रात 2002 नंतर पसरलेले बीटी संकर 90 × 60 किंवा 120 × 45 सेंटिमीटरवर लावले, की हेक्टरी सुमारे 18,500 झाडे बसतात. अशा मोकळ्या झाडाला शेतकरी ज्यांना गळफांद्या म्हणतात त्या खालच्या वाढफांद्या भरपूर येतात आणि उत्पादनातील त्यांचा वाटा दाट पिकाहून खूप वेगळा असतो. म्हणून परदेशी वाणांचे गुणांक केवळ झाडांची संख्या बदलून वापरणे पुरेसे होत नाही. सघन लागवडीत 90 × 15 सेंटिमीटरला हेक्टरी सुमारे 74,000 झाडे येतात. तिथे मूळ गुणांक जवळ बसण्याची शक्यता अधिक.

वेचणीचाही प्रश्न आहे. प्रतिमान पक्वतेच्या दिवशी एकच उत्पादन सांगते, शेतात तीन-चार वेचण्या होतात आणि पाणी असेल तर फरदडही (त्याच झाडांपासून हंगाम लांबवून घेतलेले पीक) घेतली जाते. तुलनेसाठी वेचण्यांची बेरीज कुठे थांबवली हे नोंदीत लिहिलेले असावे. गुलाबी बोंडअळीचे 2017 सारखे वर्ष अंशशोधनात घेऊ नये, किंवा घेतल्यास नुकसान प्रतिमानाला वेगळे सांगावे. अन्यथा वाणच कमी उत्पादनाचे ठरते.

देशी कापसासाठी (गॉसिपियम आर्बोरियम) अमेरिकन कापसाचे गुणांक लावू नयेत. बोंड लहान, मूळ खोल आणि पाण्याच्या ताणाला प्रतिसाद वेगळा असल्याने बोंडाचे वजन, मुळांची वाटणी व गळ हे तीनही भाग नव्याने ठरवावे लागतात.