सायबरस्पेस आणि मेटाव्हर्स: शब्द दोन, जगंही दोन

व्हीआर (आभासी वास्तव) गेमिंगचा विषय निघाला की सायबरस्पेस आणि मेटाव्हर्स हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. दोन्ही जुन्या विज्ञानकथा-कादंबऱ्यांमधून आले, एवढंच त्यांच्यात सारखं. ‘सायबरस्पेस’ विल्यम गिब्सनचा. १९८२च्या एका कथेत तो आला आणि १९८४च्या ‘न्यूरोमॅन्सर’ने तो रुजवला. ‘मेटाव्हर्स’ नील स्टीफन्सनच्या १९९२च्या ‘स्नो क्रॅश’मधला.

फरक ओळखायचा तर आधी अंगाला काय जोडलंय ते बघा. गिब्सनचा नायक, केस नावाचा हॅकर, कपाळाला इलेक्ट्रोड लावतो, ‘डेक’ (सायबरस्पेसमध्ये नेणारा कॉम्प्युटर) सुरू करतो आणि ते जग थेट मज्जासंस्थेतून आत शिरतं. डोळ्यांचं तिथे कामच नाही. स्टीफन्सनचा हिरो मात्र गॉगल घालतो आणि कानाला इअरफोन लावतो. कॉम्प्युटरमधून येणारे लेसर किरण गॉगलच्या काचांवर चित्र काढतात. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं, म्हणून खोली जाणवते. ती सेकंदाला ७२ वेळा बदलतात, म्हणून हालचाल सलग वाटते. २०१९च्या पहिल्या ऑक्युलस क्वेस्ट या व्हीआर हेडसेटचा पडदाही ७२ हर्ट्झचाच, म्हणजे सेकंदाला ७२ वेळा बदलणारा होता. म्हणजे आजचा हेडसेट कोणत्या घराण्यातला, हे वेगळं सांगायला नको.

आत गेल्यावर दिसतं तेही निराळं. सायबरस्पेसमध्ये माणसांची गर्दी नाही, माहितीचा नकाशा आहे: बँकेचा डेटा म्हणजे हिरवे घन, वीज प्राधिकरणाचा म्हणजे लाल पायऱ्यांचा पिरॅमिड. रात्री सातपुड्यातल्या पालच्या घाटातून खाली बघितलं तर रावेर-यावलकडची घरं, माणसं दिसत नाहीत, नुसते दिव्यांचे पुंजके दिसतात, तसं काहीसं. केस तिथे खेळायला जात नाही, कुलपं तोडायला जातो.

मेटाव्हर्स म्हणजे चक्क एक रस्ता. एका काळ्या गोलाला वळसा घालणारा, ६५,५३६ किलोमीटर लांबीचा. त्यावरून मोनोरेल धावते आणि दर २५६ किलोमीटरवर मोठं स्टेशन येतं. भुसावळला गाडीत बसून नाशिकरोडला उतरावं, साधारण एवढं अंतर, आणि अशी २५६ स्टेशनं. आकडे उगाच निवडलेले नाहीत: २५६ म्हणजे दोनाचा आठवा घात, ६५,५३६ म्हणजे सोळावा. प्रोग्रामरने मोजून आखलेलं हे जग आहे, आणि मला त्याची खरी गंमत इथेच वाटते. माणसं ‘अवतार’ घेऊन वावरतात. रूप हवं ते घ्या, पण उंची स्वतःपेक्षा जास्त ठेवता येत नाही. सार्वजनिक टर्मिनलवरून आलेल्याचा अवतार कृष्णधवल आणि खरखरीत दिसतो, म्हणजे खिशाची ऐपत तिथेही लपत नाही.

मेल्यावर काय होतं? मेटाव्हर्समध्ये तलवारीने अवतार कापला गेला तर तुम्ही बाहेर फेकले जाता. प्रेताची विल्हेवाट लागेपर्यंत काही मिनिटं परत येता येत नाही. आजच्या गेमचा ‘रीस्पॉन’ (मेल्यावर पुन्हा खेळात येणं) तो हाच. (कादंबरीतला व्हायरस मात्र डोळ्यांवाटे हॅकरचा मेंदूच बिघडवतो.) सायबरस्पेसमध्ये ‘ब्लॅक आइस’ या जीवघेण्या सुरक्षा-प्रोग्रामने पकडलं तर खुर्चीत बसलेला माणूस खरोखर मरू शकतो, कारण तार थेट मेंदूला आहे.

‘न्यूरोमॅन्सर’मध्ये ‘सिमस्टिम’ नावाचं तिसरंच प्रकरण आहे आणि घोटाळा होतो तो बहुतेक वेळा त्याच्यामुळे. त्यात दुसऱ्याच्या संवेदना जशाच्या तशा मिळतात, पण आपण बोटही हलवू शकत नाही. आजचा ३६० अंशांचा व्हिडिओ याच्या जवळचा. उद्या सारंगखेड्याच्या यात्रेत कुणी मोबाइल घातलेला डबा डोळ्यांना लावून ‘व्हीआर’ म्हणाला, तर मान न वळवता नुसतं अर्धा फूट पुढे झुका. समोरची वस्तू जवळ आली तर ते जग आहे. चित्र तुमच्याबरोबरच सरकलं तर ते रेकॉर्डिंग असेल, नाहीतर डब्याला डोक्याची जागाच कळत नसेल. मोबाइलमधला जायरोस्कोप मान किती वळली ते सांगतो, पण डोकं किती सरकलं ते त्याला कळत नाही. डोळे आणि कानातला तोल यांचा मेळ बसत नाही, म्हणून मळमळतं. अशा वेळी डोळे मिटा आणि डबा काढा. सहन करत बसलं तर त्रास वाढतो.

गेमच्या ओढीने वाचणार असाल तर ‘स्नो क्रॅश’ आधी घ्या. ‘न्यूरोमॅन्सर’ नवे शब्द समजावत थांबत नाही. पहिली पन्नासेक पानं अर्थ न लागताही पुढे वाचत राहावं लागतं.