खोडलेल्या ओळीची तारीख

देवगडला मामांच्या आंब्याच्या बागेचा सगळा हिशेब एका लांबट वहीत असतो. कुठल्या कलमाला मोहोर कधी आला, तुडतुड्यांवर काय फवारलं, पेट्या किती गेल्या. गेल्या हंगामात हेच मी फोनवरच्या एआय सहायकाला सांगत गेलो. यंदा मोहोर फुटल्यावर विचारलं, गेल्या साली पहिली फवारणी कधी केली होती? आपल्याकडे अशी काही माहिती नाही, असं त्याने अगदी नम्रपणे कळवलं. मामा ऐकत होते. म्हणाले, "सगळा इसारलो ह्यो!"

खरं तर विसरायला आधी लक्षात राहावं लागतं. अशा सहायकामागचं भाषेचं मॉडेल म्हणजे प्रशिक्षणात ठरून गेलेले अब्जावधी आकडे. आपण कितीही गप्पा मारल्या तरी त्यातला एकही हलत नाही. एका संभाषणापुरतं त्याला मागचं आठवतं, कारण प्रत्येक नव्या प्रश्नासोबत आधीचा मजकूर पुन्हा त्याच्यापुढे ठेवला जातो. नवं संभाषण म्हणजे कोरी पाटी. मग ते आकडेच रोज थोडे थोडे का बदलू नयेत? मॅक्क्लोस्की आणि कोहेन या संशोधकांनी १९८९ मध्येच दाखवलं होतं की कृत्रिम मज्जाजालाला (भाषेची मॉडेलंही त्याच जातीची) नवं शिकवायला गेलं, की आधी शिकलेलं पुसलं जातं. हे दुखणं आजही पुरतं गेलेलं नाही.

दुसरा उपाय, पुढ्यात ठेवायचा मजकूरच वाढवायचा, म्हणजे मॉडेलची 'खिडकी' मोठी करायची. २०२० मधल्या जीपीटी-३ या मॉडेलला एका वेळी २,०४८ टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, दिसायचे. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या जेमिनी १.५ ची मजल दहा लाखांपर्यंत गेली. (मराठीला तेवढ्याच मजकुरासाठी इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, हा आपला जुना भुर्दंड.) पण पुढ्यात असलं म्हणजे ध्यानात आलंच असं नाही. लांबलचक मजकुराच्या मधोमध असलेली गोष्ट मॉडेलांच्या नजरेतून जास्त निसटते, असं २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना आढळलं.

म्हणून शेवटी वहीच. सहायक महत्त्वाच्या गोष्टी बाहेर टिपून ठेवतो आणि गरजेपुरत्या शोधून वाचतो. शोध शब्दांवरून नव्हे, अर्थावरून लागतो: प्रत्येक वाक्याची आकड्यांची एक ओळ बनते आणि जवळच्या अर्थाच्या ओळी एकमेकींजवळ पडतात. 'औषध मारलं' लिहिलं असलं तरी 'फवारणी' विचारल्यावर ते सापडतं. चॅटजीपीटीत अशी स्मृती २०२४ पासून येऊ लागली.

मीही माझ्या सहायकाची स्मृती चालू केली, आणि खरी गंमत तेव्हा सुरू झाली. मामांनी सड्यावरची बाग यंदा कराराने दिली. मी ते त्याला सांगितलंही. तरी पंधरा दिवसांनी तो सड्यावरच्या कलमांच्या फवारणीची आठवण करून देत होता! अर्थाच्या शोधाला 'बाग मामांकडे आहे' आणि 'बाग कराराने दिली' ही दोन्ही वाक्यं जवळचीच. त्यातलं कुठलं आता खरं, ते त्या जवळिकीतून कळत नाही.

ताज्या गोष्टीला झुकतं माप द्यावं, हे सुचतंच. २०२३ मध्ये स्टॅनफर्डमध्येच एका आभासी गावात भाषेच्या मॉडेलवर चालणारी २५ पात्रं वसवली होती. त्यांच्या आठवणी ताजेपणा, महत्त्व आणि प्रश्नाशी संबंध अशा तीन मापांनी निवडल्या जात. पण मामींना तिसऱ्या (शिंपल्या) खाल्ल्या की अंगावर पित्त उठतं, हे मी एकदाच सांगितलंय. ते कितीही जुनं झालं तरी खरंच राहणार. करार मात्र हंगामागणिक बदलतो. वय दोन्ही आठवणींना असतं, आयुष्य मात्र निरनिराळं.

मामा वहीतली ओळ कधी पुसत नाहीत. एक आडवी रेघ मारतात, बाजूला तारीख घालतात. आधी काय होतं आणि कधीपासून नाही, दोन्ही दिसतं. स्मृतीच्या काही नव्या रचना हेच करू पाहतात: प्रत्येक नोंदीला 'कधीपासून खरी' आणि 'कधीपर्यंत खरी' असे दोन रकाने. मला हा मार्ग नुसत्या मोठ्या खिडकीपेक्षा शहाणा वाटतो.

वहीत लिहितो कोण, हाही प्रश्न आहेच. वेबपानात दडवलेल्या सूचनांनी चॅटजीपीटीच्या स्मृतीत खोट्या नोंदी घुसवता येतात, हे योहान रेहबर्गर या सुरक्षा-संशोधकाने २०२४ मध्ये दाखवलं.

ते वाचल्यावर मी सेटिंगमध्ये जाऊन जतन केलेल्या आठवणींची यादी उघडली. तिसऱ्यांची ओळ ठेवली, सड्यावरच्या बागेची जुनी ओळ काढून टाकली. मामांना दाखवलं.

"खोडलंस ता बरा केलंस," ते म्हणाले. "तारीख घातलंस?"

तारखेला तिथे जागाच नव्हती.