प्रशीतक गळतीचे निदान (मोटार वातानुकूलन)

मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेतील प्रशीतक, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील ‘गॅस’, कोठून आणि किती वेगाने निसटतो हे शोधण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावतात. घरगुती फ्रिजचा कंप्रेसर आपल्या मोटरसह झाळलेल्या कवचात बंद असतो. मोटारीत मात्र इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा दांडा कवचाबाहेर येतो, काही नळ्या रबरी असतात आणि सांधे ओ-रिंगांवर (रबरी कड्यांवर) टिकतात. त्यामुळे अत्यल्प गळती रचनेतच असते. परंतु प्रशीतक वापराने खर्च होत नाही, म्हणून दर उन्हाळ्यात ‘गॅस भरणे’ ही देखभाल नसून राहून गेलेले निदान होय.

नागपुरात ही तक्रार मुख्यतः एप्रिलपासून नवतपापर्यंत (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांपर्यंत) पुढे येते, आणि नेमक्या याच काळात दाबमापकाचे वाचन फसवे ठरते. यंत्रणा बंद असताना आत थोडाही द्रव शिल्लक असेल, तर दाब प्रशीतकाच्या वजनावर नव्हे, तापमानावर ठरतो. आर-१३४ए या प्रशीतकाचा दाब ४५° से. ला प्रति चौ. इंच सुमारे १५० पौंड, तर डिसेंबरच्या पहाटे १२° से. ला सुमारे ५० पौंड भरतो. म्हणून मे महिन्यात गेजचा काटा समाधानकारक दिसला, तरी निम्मा गॅस गेलेला असू शकतो. खरी मात्रा कळण्यासाठी प्रशीतक काढून त्याचे वजन करावे लागते. कंडेन्सरचा (प्रशीतकाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा) पंखा बंद पडणे किंवा धुळीने केबिन फिल्टर तुंबणे यांमुळेही गारवा कमी होतो. ही कारणे आधी वगळावीत.

प्रशीतकासोबत कंप्रेसरचे तेलही झिरपत असल्याने सांध्यावरचा धूळ धरलेला तेलकट डाग हा सर्वांत जुना व आजही उपयोगी पुरावा आहे. आर-१२ या जुन्या क्लोरीनयुक्त प्रशीतकाच्या काळात हॅलाइड दिवा वापरीत. त्यातील तापलेल्या तांब्याजवळ क्लोरीनयुक्त वायू आला की ज्योत हिरवी होई. साधारणतः १९९० च्या दशकात क्लोरीनविरहित आर-१३४ए रूढ होऊ लागल्यावर, आणि भारतात हा बदल काहीसा उशिरा झाल्यावर, तो दिवा निरुपयोगी ठरला. त्याची जागा इलेक्ट्रॉनिक शोधकाने घेतली. आर-१३४ए वायू हवेच्या सुमारे साडेतीनपट जड असल्याने शोधकाचे टोक सांध्याच्या खालच्या बाजूने हळू फिरवावे लागते. साबणाच्या पाण्याने मोठी गळती दिसते, परंतु तापलेल्या नळीवर ते लगेच सुकते.

निर्वात चाचणीच्या विश्वासार्हतेविषयी मतभेद आहेत. पंपाने हवा काढून काटा अर्धा तास स्थिर राहिल्यास यंत्रणा निर्दोष, असे एक मत आहे. याविरुद्ध असा आक्षेप घेतात, की निर्वातात बाहेरून आत फार तर एक वातावरणाचा दाब पडतो, तर उन्हाळ्यात चालू यंत्रणेच्या उच्चदाब बाजूस आतून बाहेर १५ ते २० वातावरणांचा दाब असतो. शिवाय काही सील आतल्या दिशेने ओढले गेल्यावर अधिकच घट्ट बसतात. याउलट, आत राहिलेल्या ओलाव्याची वाफ झाल्यानेही काटा थोडा सरकून थांबतो, तर गळती असल्यास तो सरकतच राहतो. एकंदरीत ही चाचणी ओलावा काढण्याच्या कामातील सोबतची तपासणी मानणे आणि निर्णयासाठी कोरड्या नायट्रोजनची दाबचाचणी घेणे अधिक सयुक्तिक वाटते. नायट्रोजन दाबनियामकातूनच सोडावा. ऑक्सिजन कधीही वापरू नये. तेलाशी संयोग होऊन स्फोट होतो. दाबाखालील हवेत आर-१३४ए देखील ज्वालाग्राही होऊ शकतो, म्हणून संपीडित हवाही टाळावी.

डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइल सर्वांत अवघड. तेथे तेलात मिसळलेला, अतिनील प्रकाशात चमकणारा रंग क्वचितच थेट दिसतो; कॉइलवर जमणारे पाणी तो धुऊन नेते, म्हणून पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडाशी अंधारात अतिनील दिव्याने पाहतात. तेथेच शोधकही धरता येतो, मात्र त्याच्या टोकात पाणी शिरू देऊ नये. आर-१२३४वायएफ हे नवे प्रशीतक सौम्य ज्वालाग्राही असल्याने त्यासाठी योग्य ठरविलेलाच शोधक वापरतात.