चेक परत आला? तक्रार टाइप करायला येताना पासबुक आणा

(भोसरी, चाकण, तळेगाव परिसरातील आमच्या ग्राहकांसाठी)

‘केस पिंपरीला टाकायची की शिवाजीनगरला?’ हे विचारणारे बहुतेक जण उत्तर घरूनच ठरवून आलेले असतात. गाळा चाकणला, म्हणून राजगुरुनगर. पार्टी पुण्याची, म्हणून शिवाजीनगर. चेक बाउन्सच्या केसला यातला एकही हिशोब लागू नाही.

चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) २०१५ च्या दुरुस्तीपासून, खात्यात भरलेला चेक परत आला तर कलम १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सची, तक्रार चेक भरणाऱ्याच्या, म्हणजे तुमच्या, बँक शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात करायची. शाखा म्हणजे खाते जिथे आहे ती. चेक दुसऱ्या शाखेत टाकला, तरी कायदा तो मूळ शाखेतच दिला असे धरतो. नेमका इथेच घोळ होतो. खाते गावाकडे कराडला उघडलेले, चेक टाकला चाकणला, बँकेच्या परतीच्या मेमोवर शिक्काही चाकणचा. तो शिक्का पाहून मंडळी राजगुरुनगर धरतात. पासबुकावर मात्र शाखा कराड, म्हणून कोर्टही कराडचे. भलत्या कोर्टात गेलेली तक्रार ‘योग्य कोर्टात दाखल करा’ म्हणून परत मिळते. तोवर मुदत उलटली असेल, तर विलंब माफीचा अर्ज आणि त्याचे शपथपत्र आणखी वेगळे.

म्हणून पासबुकाच्या पहिल्या पानावरची शाखा आणि आयएफएससी पाहिल्याशिवाय आम्ही तक्रारीवर कोर्टाचे नाव घालत नाही. ‘तुम्हाला टायपिंगशी मतलब’ असे ऐकवणारे भेटतात. पण सगळे कागद पुन्हा टाइप करायचे पैसे तुमच्याच खिशातून जातात, आणि ते घेताना आम्हालाही बरे वाटत नाही.

एकाच पार्टीचे बरेच चेक परत आले असतील, तर पहिली तक्रार योग्य कोर्टात गेल्यावर पुढच्याही तिथेच करायच्या, मग ते चेक दुसऱ्या शाखेतल्या खात्यात भरलेले का असेनात. चेक खात्यात न भरता काउंटरवर वटवायला दिला असेल, तर चेक लिहून देणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे, तिथले कोर्ट. पैसे वसुलीचा दिवाणी दावा करणार असाल तर त्याचे कोर्ट प्रतिवादी कुठे राहतो, धंदा कुठे करतो, व्यवहार कुठे झाला यावरून ठरते. म्हणजे एकाच रकमेसाठी केस कराडला आणि दावा पुण्यात, असेही होऊ शकते. तो निर्णय तुमच्या वकिलांचा.

नोटीस मात्र शाखेच्या शोधापायी अडवून ठेवू नका. नोटिशीवर कोर्टाचे नाव लागत नाही. चेक परतल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत ती निघाली पाहिजे. समोरच्याला मिळाल्यापासून १५ दिवस पैसे भरायला, त्यानंतर एक महिना तक्रारीला. पोस्टाची पावती जपून ठेवा. नोटीस वेळेत निघाल्याचा पुरावा तीच; १५ दिवस मात्र नोटीस समोरच्याला मिळाल्याच्या तारखेपासून मोजायचे.

येताना मूळ चेक, परतीचा मेमो, नोटिशीची प्रत, पोस्टाच्या पावत्या आणि पासबुक आणा. पासबुकाचे पान आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेत, तर तुमच्या वकिलांना विचारून मसुदा तयार ठेवतो. नोटीस टायपिंग, शपथपत्र, झेरॉक्सचे संच, स्पीड पोस्ट सगळे इथेच होते, सहीपुरते या.